गाव अजून पुढे आहे

मनमाडकडून आलेली गाडी परतूर मागे टाकून सेलूला थांबते, तेव्हा उतरणारा माणूस थेट गावातच उतरतो. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर काळ्या ठसठशीत अक्षरांत एवढंच असतं: सेलू. गाडी परभणीच्या दिशेनं निघाली की थोड्या वेळानं दुसरी पाटी येते: मानवत रोड. तिथं उतरलेल्याला मात्र मानवत दिसत नाही. बाहेर येऊन ऑटोवाल्याशी भाव ठरवायचा, रानं मागं पडू द्यायची, मग कुठं गाव येतं. या जादाच्या दोन अक्षरांचा अर्थ आपल्याकडच्या पोराला लहानपणीच पाठ असतो: रोड म्हणजे रस्ता. चूक काहीच नाही. पण तो अर्थ या पाटीला लावून पाहावा. 'मानवत रस्ता' असं म्हटल्यानं उतारूला काय कळलं? पाटीला सांगायचंय ते निराळंच आहे: बाबा रे, हे मानवत नव्हे, मानवतला जायची वाट इथून फुटते. नामाचा अर्थ असा प्रतिशब्दात पुरता मावत नाही. ते नाम कुठं उभं आहे आणि कुणीकडं बोट दाखवतंय, हे पाहिल्याशिवाय तो हाती लागत नाही.

रेल्वेनं हा शब्द उगाच वापरला नाही. आगगाडीला चढ सोसत नाही, वळण सोसत नाही आणि पूल बांधायचा तर पैसा लागतो. त्यामुळं रूळ टाकणारे गावांचा मान पाहत नाहीत, जमीन पाहतात. निजामाच्या राज्यात 1900च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज लाईन या मुलखातून गेली. तिच्यावर सेलू आलं आणि मानवत बाजूला राहिलं. लातूर रोड स्टेशनापासून लातूर तिसेक किलोमीटर तरी आहे. कोकणात राजापूर रोड आणि सावंतवाडी रोडची तीच गत. कुर्डुवाडी जंक्शनाला तर आधी बार्शी रोड म्हणत. बार्शीच्या व्यापाऱ्याला आपला माल बैलगाडीनं तिथवर न्यावा लागे, आणि 1897 मध्ये बार्शी लाईट रेल्वेचे अरुंद रूळ पडले ते हीच वाट भरून काढायला. म्हणजे गावाच्या नावामागं लागलेला रोड हा उतारूला अंतराची आगाऊ सूचना देतो.

यावर कुणी म्हणेल, ही आपल्याकडची मोडकी इंग्रजी; साहेब असं बोलत नसेल. साहेबच असं बोलत होता. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात, बॉडमिन गावापासून काही मैलांवर 1859 साली स्टेशन उघडलं, त्याचं नाव बॉडमिन रोड. 1983 मध्ये ते बदलून बॉडमिन पार्कवे केलं गेलं. तिकडं पाटी बदलली, आपण ती जपून ठेवली. शिवाय या शब्दाच्या मुळातच चालणं आहे. घोड्यावर बसून जाणं या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदाचा तो सोयरा. आधी त्याचा अर्थ प्रवास, स्वारी असाच होता. पायाखालची वाट हा अर्थ मागाहून आला. त्याच्या शेजारचा स्ट्रीट हा शब्द लॅटिनमधल्या फरसबंद वाटेवरून आलेला. म्हणून स्ट्रीट दोन्ही बाजूंच्या घरांत रमतो आणि रोडची ओढ गावाबाहेर. सेलूच्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको. गल्ली आणि रोड यांत तो कधी गफलत करत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ग्रँट रोड आणि चर्नी रोड ही स्टेशनं भर मुंबईत आहेत, तिथं कुठलं गाव लांब राहिलंय? उत्तर शब्दाच्या सोबतीत सापडतं. ग्रँट हे गव्हर्नरचं नाव. त्याच्या नावाचा रस्ता होता आणि त्या रस्त्यापाशी स्टेशन झालं. रोडच्या आधी गाव आलं तर अर्थ एक, माणूस आला तर दुसरा. नाशिक रोडचं आणखी वेगळं. तिथून नाशकात जायला एकेकाळी ट्राम होती. आता स्टेशनाभोवतीच एवढी वस्ती झालीय की लोक 'नाशिक रोडला राहतो' असं गावाचं नाव सांगावं तसं सांगतात. बोट दाखवणारा शब्द वापरून वापरून नुसतं नाव होऊन बसला. अर्थ असा झिजतो, हेही शिकणाऱ्याला कळायला हवं.

इंग्रजीचं व्याकरण ही झीज नेमकी टिपतं. सेलूतून पाथरीला जाणारा रस्ता सेलूत पाथरी रोड असतो आणि पाथरीत पोचला की सेलू रोड होतो, डांबर तेच. इंग्रजीत याच्या आधी 'द' लावला तर अर्थ होतो पाथरीकडं जाणारी वाट. 'द' गाळला तर उरतं पत्त्यातलं नाव, ज्याच्या कडेला दुकानं, हॉस्पिटलं आणि 'रोड टच' प्लॉटच्या पाट्या असतात. हा 'रोड टच' अस्सल आपला, साहेबाला तो उमगायचा नाही. 'बाय रोड' म्हणताना तर 'द' चालतच नाही, कारण तिथं अमुक एक रस्ता मनात नसतो. रेल्वेनं न जाता गाडीनं जाणं एवढंच सांगायचं असतं.

पोरांना एवढं कशाला, परीक्षेत शब्दार्थ विचारतात आणि एका ओळीत मार्क मिळतो, असं मास्तर म्हणतील. मार्क मिळतो हे खरं. पण 'रोड म्हणजे रस्ता' एवढ्यावर थांबलेलं पोर पुढं 'द' कुठं लावायचा, कुठं गाळायचा याचे नियम घोकत बसतं आणि तरी चुकतं, कारण नियमामागचा माणूस आणि त्याची वाट त्यानं पाहिलेलीच नसते. सेलूच्या मास्तरांना तर सोय हाताशी आहे. शब्दार्थाची वही एक दिवस मिटवा, फळ्यावर 'सेलू' आणि 'मानवत रोड' एवढंच लिहा आणि फरक पोरांनाच विचारा. उत्तर त्यांना ठाऊक आहे. ते इंग्रजीच्या तासाला चालतं, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नाही.