पाटावरचं रिव्हॉल्व्हर, बॅगेतलं पिस्तूल

पूर्वी एखाद्याकडे रिव्हॉल्व्हर आहे हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक असायचं, पण ते उडताना कुणीच पाहिलेलं नसायचं. आमच्या नात्यातल्या एका काकांकडे वेब्ली अँड स्कॉटचं .३२ बोअरचं होतं. दसऱ्याला ते पाटावर यायचं. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि संध्याकाळी तेलाचा बोळा फिरवून परत कपाटात. परवान्यावर काडतुसं मिळायची मोजकी; ती नुसत्या नेमासाठी उडवणं म्हणजे उधळपट्टी. पण त्या वस्तूबद्दल काका तासभर बोलू शकत. मध्ये मोडून उघडणारी चौकट, नळीवरचा बर्मिंगहॅमचा शिक्का, घोडा कितपत हलका आहे, सगळं त्यांना पाठ होतं.

ती पिढी हत्यार बाळगणारी होती. १९८३ पर्यंत कायद्यात नगांना मर्यादाच नव्हती, त्यामुळे संस्थानिक आणि शिकारी घराण्यांत खरे संग्रह असत. मग मर्यादा तीनवर आली. पाठोपाठ परदेशी हत्यारांची आयातही सर्वसामान्यांना बंद झाली आणि जुन्या विलायती पिस्तुलांचे भाव कुठल्या कुठे गेले. बाजारात नवीन मिळायचं ते सरकारी कारखान्याचं, कानपूरचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर सर्वसामान्य परवानाधारकाला दोनच. वारशाने आलेलं हत्यारही त्यातच धरायचं. दोन नगांच्या संग्रहाला संग्रह म्हणावं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. शिवाय निवडणूक आली की बऱ्याच ठिकाणी तेही पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, पावती घेऊन.

हौस मग नेमाकडे वळली, आणि माझ्या मते बरंच झालं. १९९४ साली हिरोशिमाच्या एशियाडमध्ये जसपाल राणाने सेंटर फायर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा पिस्तूल हा खेळ असतो हे अनेकांना प्रथमच कळलं. तोवर आमची नेमबाजी जत्रेतले फुगे फोडण्यापुरती. तिथल्या बंदुकीची माशी मुद्दाम वाकडी केलेली असते यावर सगळ्यांचं एकमत. पुढे कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. नेमबाजीत एशियाडचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्यानंतर मुलीला रेंजवर घेऊन येणाऱ्या आईबापांना कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

आज अकरा-बारा वर्षांची पोरं पाठीवरच्या बॅगेत एअर पिस्तूल घेऊन येतात. .१७७ बोअरच्या, कमी जोराच्या या हत्याराला परवाना लागत नाही. चांगलं परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढे जातं, पण क्लबचं वापरूनही सुरुवात होते. पूर्वीच्या स्प्रिंगच्या पिस्तुलाला दर वेळी तरफ ओढून दम भरावा लागायचा, साठ छऱ्यांनंतर मनगट बोलायला लागे. आता सिलिंडरमध्ये दाबलेली हवा असते. त्या सिलिंडरला दहा वर्षांची मुदत, आणि विमानात न्यायचं तर आधी रिकामा करायचा. ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम, तेवढं मात्र बदललेलं नाही.

या पोरांना पिस्तुलाचा लळा नसतो. मुठीचं लाकूड हाताच्या मापाने घासून घेतात, मोसम संपला की विकतात, नवं घेतात. काकांना हे पाप वाटलं असतं. पण काकांनी उभ्या आयुष्यात उडवल्या नसतील तेवढ्या गोळ्या ही मुलं आठवड्यात उडवतात, आणि ११.५ मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळात बसवतात.

मला चुटपुट आहे ती कागदी टार्गेटची. दहा मीटरवर कप्पीला लावलेला तो कागद हँडल फिरवून जवळ ओढायचा, आणि तो येईस्तोवर भोक कुठे पडलंय याचा अंदाज बांधत बसायचं. भोक रेघेला टेकलंय की नाही यावर वाद झाला की पंच भिंग बसवलेला गेज काढायचे. सगळे मान पुढे काढून बघत, कुणी ‘नऊच आहे हो’ म्हणून डिवचत. लहान क्लबांत अजून ही मजा आहे. मोठ्या रेंजवर मात्र छर्रा सुटला की पडद्यावर आकडा हजर. अचूक असतो, तक्रार नाही. फक्त पंचांशी हुज्जत घालायची सोय राहिली नाही, आणि आमच्यातल्या काहींचा निम्मा खेळ त्या हुज्जतीतच होता.