पब्लिक हाउस

"मामा, आज तुम्हाला पबमध्ये नेतो," असे भाचा म्हणाला, तेव्हा आम्ही रस्त्यातच थांबलो. जे वाचक आम्हाला ओळखतात त्यांना हसू येईल. वीस वर्षे वस्तीत व्यसनमुक्तीच्या सभा लावणारा, पगाराच्या संध्याकाळी गुत्त्याच्या वाटेवर उभा राहून पोरांना घरी पाठवणारा कारकून लंडनला जाऊन पबात बसणार! सभेत कुणी विचारले तर काय सांगावे?

२०२३ च्या मे महिन्यातली ही गोष्ट. तिकीट भाच्याचे, साठवलेली रजा आमची. सकाळी किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर पाहिले. विद्यार्थीदशेत बाबासाहेब तेथे राहिले होते, आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. दुपारी ब्रिटिश म्युझियम पाहिले. तेथून खाली उतरले की हाय होबर्न हा मोठा रस्ता लागतो. त्याच रस्त्याने पूर्वेला चालत गेले की ग्रेज इन, जेथून बाबासाहेब बॅरिस्टर झाले. भाचा म्हणाला, "बाबासाहेब बारला गेले, आपणही बारला जाऊ." हा विनोद आम्हाला मुळीच आवडला नाही.

पण आमच्याबरोबर एक पंजाबी वृद्ध गृहस्थ होते. सकाळी त्या घरातच ओळख झाली होती. वय ऐंशीच्या पुढे, राहणार बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकचे, सारे आयुष्य ओतकामाच्या कारखान्यात गेलेले. जयभीम झाला आणि दिवसभर आम्ही त्यांना चाचाजी म्हणत हिंडलो. ते म्हणाले, "चलो बेटा, घुटने दुख रहे हैं, अंदर बैठने की जगह है।" चाचाजींच्या गुडघ्यांपुढे आमचा उपदेश चालला नाही.

पबचे नाव प्रिन्सेस लुईझ. व्हिक्टोरिया राणीच्या मुलीचे नाव. बाहेरून इमारत साधीच, पण आत पाऊल टाकले आणि आम्ही दबकलो. भिंतीभर रंगीत फरशा, नक्षी कोरलेले मोठाले आरसे, काळसर लाकूड. ही सजावट १८९१ सालची. सारी इमारत सरकारने जतन करायची म्हणून यादीत घातली आहे. खाली पुरुषांची मुतारी संगमरवरी. तीही त्यात आली! आमच्या लोकल स्टेशनवरची मुतारी डोळ्यांपुढे उभी राहिली आणि आम्ही मनातल्या मनात हात जोडले.

टीव्ही नाही, गाणे नाही. फोटो काढायला आम्ही मोबाइल काढला तर भाच्याने हात धरला. या मालकाच्या पबांत मोबाइल चालत नाही. लोक चक्क एकमेकांशी बोलत होते. वेटर येत नाही. आपणच काउंटरवर जायचे, पैसे रोख मोजायचे आणि ग्लास उचलून आणायचा. रांग लावलेली नव्हती, तरी आधी कोण आला हे प्रत्येकाला ठाऊक होते आणि मागचा माणूस पुढच्याला "यांचे आधी" म्हणत होता. आमच्या रेशन दुकानावर हे दृश्य दिसले तर आम्ही पेढे वाटू.

भाच्याने मागवली ती 'रिअल एल', म्हणजे खरी बिअर. आम्ही बी.कॉम. माणूस, खरे म्हटले की खोटे कोणते ते विचारणारच. तो म्हणाला, या बिअरमध्ये खमिराचे किण्व जिवंत असते. कारखान्यातून निघाल्यावरही तळघरातल्या पिंपात ती पुन्हा आंबते. वरून गॅस सोडत नाहीत. काउंटरवरचा लांब दांडा ओढून हाताने ती वर काढतात, आपल्याकडे हापशीने पाणी काढतात तशी. बर्फासारखी गार नसते, तळघराची जेवढी थंडी तेवढीच, अकरा ते तेरा अंश. पिंप एकदा उघडले की तीनेक दिवसांत संपवावे लागते, नाहीतर आंबट होते. येथली यॉर्कशायरच्या टॅडकास्टर गावाहून येते. ती कंपनी १७५८ सालची, आणि पिंपे अजून लाकडाची.

मग गेल्या शतकाच्या साठीत मोठ्या सहा कंपन्यांना हा व्याप नकोसा झाला. गाळलेली, तापवून किण्व मारलेली, गॅस भरलेली बिअर त्यांनी सगळीकडे चालू केली. ती टिकते, सांभाळावी लागत नाही. १९७१ साली चार मित्र आयर्लंडला फिरायला गेले असता त्यांनी या विरुद्ध मोहीम काढली. तिचे नाव कॅमरा. खरी बिअर कोठे मिळते त्याचे पुस्तक दर वर्षी काढले, कंपन्यांच्या मागे लागले, सभासद लाखावर नेले, आणि कंपन्यांना नमते घ्यावे लागले. बिअरसाठी चळवळ! आम्ही वस्तीत नळासाठी मोर्चा काढतो तर चाळीस माणसे जमवताना नाकीनऊ येतात. हसू आले, पण थोडा हेवाही वाटला, लपवत नाही.

आमच्यासाठी लिंबाचे सोडावॉटर आले. चाचाजींनी अर्धाच ग्लास घेतला.

बसल्यावर आमच्या लक्षात आले की आपण एका खणात आहोत. मध्ये काउंटर, आणि त्याभोवती लाकडाच्या व नक्षीच्या काचेच्या आडभिंती घालून लहान लहान खण पाडलेले. मधल्या काळात काढून टाकलेल्या या भिंती २००७-०८ च्या सुमारास जुन्यासारख्या पुन्हा उभ्या केल्या. आम्ही विचारले, एकाच छपराखाली इतक्या भिंती कशाला? भाच्याला नीट सांगता येईना. चाचाजी हसले. म्हणाले, "आप नहीं समझे? आप तो सबसे पहले समझेंगे।"

मग त्यांनी सांगितले. पब म्हणजे पब्लिक हाउस. पण या सार्वजनिक घराला दारे वेगवेगळी असत. मजुरांसाठी 'पब्लिक बार', तेथे उघडी जमीन आणि बाकडी. साहेब लोकांसाठी 'सलून', तेथे गालिचा, आणि तीच बिअर पेनी-दोन पेनी महाग. काही ठिकाणी काउंटरवर डोळ्यांच्या उंचीला फिरती काच लावत, म्हणजे पिणाऱ्या साहेबाचे तोंड वाढणाऱ्याला दिसू नये. जवळच्याच 'लॅम्ब' नावाच्या पबात तशा काचा अजून आहेत.

"ये गोरे का गोरे से परदा था," चाचाजी म्हणाले. "हम आए तो एक और परदा लगा।"

स्मेदिकला त्यांचे मित्र पाळी सुटली की घामाने आणि काजळीने भरलेले पबात जात. बाहेरच्या बारमध्ये उभे राहू देत. 'स्मोक रूम' नावाची बरी खोली असे, तेथे काळ्या-सावळ्या माणसाला ग्लास मिळत नसे. काही पबांत तर उंबराच ओलांडू देत नसत. त्या वेळी अवतारसिंग जोहल आणि इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या लोकांनी युक्ती केली. गोऱ्या विद्यार्थ्यांना आधी आत पाठवायचे, मागून आपण जायचे. त्यांना ग्लास दिला आणि आपल्याला नाकारला की साक्षीदार तयार! १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेचे माल्कम एक्स स्मेदिकला आले. जोहल त्यांना ब्लू गेट्स नावाच्या पबात घेऊन गेले. त्यांनाही त्या बऱ्या खोलीत काही दिले नाही. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांचा खून झाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वंशभेदाविरुद्ध पहिला कायदा झाला आणि पब-हॉटेलांतला हा भेद बेकायदा ठरला. आज त्याच भागात कितीतरी पब पंजाब्यांच्याच मालकीचे आहेत.

आमच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. माल्कम एक्स दारू पीत नसत. जो पदार्थ त्यांना घ्यायचाच नव्हता, त्याच्या दारात ते का गेले? मग आमचे आम्हालाच हसू आले. १९२७ साली महाडला गेलेली माणसे काही तहानेने व्याकूळ होऊन गेली नव्हती. आणि कागदावर तर ते तळे आधीच सार्वजनिक होते.

पण वाचकहो, आमच्या घराचा हिशेब निराळा आहे, तो मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमचे वडील तरुणपणी गावी असताना हॉटेलच्या बाहेर बसून कान तुटलेल्या कपात चहा पीत. तो कप वळचणीला ठेवलेला असे. स्वतः विसळायचा, स्वतः ठेवायचा. मुंबईला येऊन गिरणीत लागले. १९८२ च्या संपात गिरणी सुटली आणि ते गुत्त्यावर जाऊ लागले. तेथे त्यांना कोणी जात विचारली नाही. चहाच्या दारात अडवलेला माणूस दारूच्या दारात बिनबोभाट आत गेला. आईचे मणी-मंगळसूत्र त्याच दारातून गेले. २००४ साली विक्रोळीत आणि २०१५ साली मालवणीत विषारी दारूने माणसे मेली, ती अशाच उघड्या दारातून आत गेलेली. म्हणून चाचाजींची गोष्ट ऐकताना ऊर भरून आला तरी आमचा हात सोडावॉटरवरून हलला नाही.

भाच्याचा ग्लास अर्धा झाला होता. आम्ही विचारले, "रोज?"

"नाही मामा. शुक्रवारी, ऑफिसच्या लोकांबरोबर. येथे प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी ग्लास आणायचे असतात. मी आलो नाही तर मी त्यांच्यातला नाही."

"तू सोडावॉटर घेऊन बस."

"पहिले वर्षभर तेच केले. कोणी काही म्हटले नाही." मग ग्लासाकडे पाहत म्हणाला, "आजोबांचे मला माहीत आहे, मामा. आईने सगळे सांगितले आहे."

कोणी काही म्हटले नाही, तर मग का घेतलीस, हे विचारायचे आमच्या ओठावर आले होते. चाचाजी मधे उठले आणि म्हणाले, या वेळची पाळी माझी. भाच्याने आपल्या ग्लासावर हात ठेवला, नको म्हणाला. चाचाजी आमच्यासाठी आणखी एक सोडावॉटर घेऊन आले. काउंटरवरच्या गोऱ्या पोरीने त्यांना "सर" म्हटले होते, ते त्यांनी आम्हाला दोनदा सांगितले.

मुंबईला परतल्यावर ताईने ठेपला-चटणीची पिशवी पोचली का, हे आधी विचारले. मग स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाली, "पोरगा घेतो का रे?" विमानात आम्ही दोन उत्तरे तयार केली होती. ती विसरलो. म्हटले, "एक ग्लास. आमच्या समोर. दुसरा घेतला नाही."

ताई बराच वेळ गॅसच्या शेगडीकडे बघत राहिली.

"आणि तू?"

"लिंबाचा सोडा."

"केवढ्याला?"

आम्ही रुपयांत सांगितले. ताई म्हणाली, एवढ्यात महिन्याची लिंबे येतात.