घेणाऱ्याच्या नावे

दारव्ह्याच्या ज्या किराणा दुकानात आमच्या घरची उधारी चाले, तिथले दिवाणजी जाऊन बरीच वर्षं झाली. पण माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर हिशेबाचं कोणतं सॉफ्टवेअर असावं, हे खरं तर त्यांनीच ठरवलं.

१९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी होती. आमच्या कापसाचा चुकारा हप्त्याहप्त्यानं येई, तोवर घर दुकानाच्या वहीवर चाले. आठवीच्या उन्हाळ्यात बाबांनी मला दिवाणजींजवळ बसवलं. लाल कापडाच्या बांधणीची ती लांबट वही. मी लिहिलं, ‘तेल ४० रुपये’. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. “बाबू, पैसा गेला कुठी ते लेहलं, आला कुठून ते कोन लेहीन?” घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. रोजमेळात दहा पैशांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत दुकानाला कुलूप लागत नसे.

गेल्या मृगात शेतीचा हिशेब संगणकावर घ्यायचं ठरवलं. होमबँक पाहिलं. सोपं, नेटकं, पण एकेरी नोंदीचं. पगारदाराला ते पुरेल. बियाण्या-खताची उधारी अंगावर घेऊन वेचणीची वाट पाहणाऱ्या घराला नाही. केमायमनी दुहेरी नोंदीचं आहे, नवख्यानं तिथून सुरुवात करावी. मी ग्नूकॅशवर थांबलो. ते १९९८ पासूनचं, फुकट, आणि त्यातली खात्याखाली खातं अशी मांडणी थेट खतावणीसारखी. ‘शेती’खाली ‘निंदण’, ‘फवारणी’, ‘वेचणी’, सगळी नावं मराठीत.

व्यवहाराची दुसरी बाजू लिहिली नाही, तर ती रक्कम ग्नूकॅश आपणहून असंतुलनाच्या खात्यात टाकतं. दिवाळीनंतर तिथं २,३४० रुपये दिसले. वेचणीची मजुरी मी लिहिली होती. ती धाकट्या भावानं खिशातून दिली होती, हे लिहिलंच नव्हतं. भावाचं देणं मला त्या एका ओळीनं दाखवलं.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी दिवाणजींनी मला सहा वह्या दिल्या. आमच्या खात्याचं पान मीच लिहीत होतो, त्यात त्या कुठंच नव्हत्या. विचारलं, तर म्हणाले, “त्या माह्या नावे हायेत.”

माझ्या ग्नूकॅशमध्ये ‘देणी’खाली पहिलं खातं दिवाणजींचं आहे. सहा वह्या, १८ रुपये.