दहातली किती वर्षं?

आरोग्य अर्थशास्त्र शिकताना आम्ही एकमेकींच्या मुलाखती घेत होतो. मैत्रिणीने मला विचारलं, "समज, अंग लुळं पडलंय. अंघोळ, कपडे, सगळं दुसऱ्याने करायचं. असं दहा वर्षं जगशील, की ठणठणीत चार वर्षं?" मी चार घेतली. तिने तीन केली, तीही घेतली. दोनवर आल्यावर दोन्ही पर्याय सारखेच वाटले. दहाला दोन, म्हणजे त्या अवस्थेचं माझ्या लेखी मोल ०.२.

ही पद्धत टोरन्स आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली मांडली. ईक्यू-५डी प्रश्नावलीत चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, वेदना आणि चिंता-उदासी यांच्या पाच-पाच पातळ्या धरून ३,१२५ अवस्था होतात. भारतासाठी ३,५४८ प्रौढांना विचारून या अवस्थांची मूल्यं काढली गेली, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांत वाईट अवस्थेला उणे ०.९२३ मिळाले, म्हणजे मरणाच्या शून्याहूनही खाली. कोणत्या उपचारावर सरकारी पैसा खर्चावा, हे ठरवताना असे आकडे वापरतात. पण ते देणारे सर्वसामान्य लोक असतात. त्या अवस्थेत जगणारेच असतात असं नाही.

माझी आई जगते आहे. पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेली. तिला हाच प्रश्न विचारावा की नाही, हे बरेच दिवस माझ्या मनात घोळत राहिलं. शेवटी विचारलं. तिने शांतपणे हिशेब केला. "ठणठणीत आठ मिळणार असतील तर दोन सोडीन. आठात नात शिकून कमावती होईल." म्हणजे ०.८.

पेच इथेच आहे. माझा आकडा धरला तर तिला पूर्ण बरं करणाऱ्या उपचाराचा वर्षाला लाभ ०.८, तिचा धरला तर जेमतेम ०.२. जिने जगण्याशी जुळवून घेतलं, तिच्या धीराची किंमत तिनेच मोजायची, हे मला अन्यायाचं वाटतं. आणि तिचं जगणं ०.२ म्हणून नोंदवणं, हा अपमान वाटतो. स्वीडनमध्ये प्रत्यक्ष त्या अवस्थेत असलेल्यांच्या उत्तरांवरून मूल्यं काढली आहेत; आपल्याकडेही दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे.

"एवढं बरं चाललंय, तर फिजिओथेरपी कशाला?" असं मी आईला मुद्दाम विचारलं. ती चिडली. "बरं चाललंय म्हणून हात सुधारायला नको होय?"

प्रबंधासाठी मी पक्षाघाताच्या रुग्णांचाच विषय घेतला आहे.