आज किल्ला कसा दिसतो?

महाकाव्यात काय काय असावे, याची यादी दंडीने फार पूर्वी करून ठेवली आहे. नगर हवे, समुद्र हवा, पर्वत हवा, ऋतू हवेत, सूर्योदय आणि चंद्रोदयही हवेत. काव्यशास्त्राचा तास घेताना ही यादी मी दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी माझ्या मनात येते की, समुद्र तेवढा सोडला तर दंडीचे बाकीचे सामान आमच्या साताऱ्यात घरबसल्या मिळते. पर्वत तर इतका जवळ, की दाढी करताना आरशात माझ्या कानामागे अजिंक्यतारा उभा असतो.

अशा गावाविषयी लिहायला बसले की लेखणी आपण होऊन अलंकार मागू लागते. डोंगर म्हणजे पहारेकरी, डोंगर म्हणजे ध्यानस्थ ऋषी, डोंगर म्हणजे लेकराला मांडीवर घेऊन बसलेला बाप! विद्यार्थ्यांच्या निबंधांतून हे सगळे मला भेटतात. मी गुणही देतो. ऋषीला नापास कोण करणार? पण गावात या डोंगराला कोणी डोंगरसुद्धा म्हणत नाही. 'किल्ला' म्हणतात. 'किल्ल्यावर ढग आलेत, वाळवण आत घ्या,' एवढाच त्याचा आणि आमच्या घरातल्या बायकांचा व्यवहार.

शिवाय या पहारेकऱ्याची सावलीही आम्हांलाच सोसावी लागते. किल्ला दक्षिणेला आणि शहर त्याच्या उत्तरेच्या उतारावर. पौषात सूर्य दक्षिणेला कलला की, माची पेठेतल्या आमच्या घरावर ऊन यायला भलताच उशीर होतो. खाली पोवई नाक्यावर लोक स्वेटर काढून चहा पीत असतात, तेव्हा आम्ही अंगणात हात चोळत उभे. कवींनी याची दखल घेतल्याचे माझ्या वाचनात नाही.

पहाऱ्याचे म्हणाल, तर तो त्याने केला आहे. 1699 च्या अखेरीस खुद्द औरंगजेब याच्या पायथ्याशी येऊन बसला. आतून प्रयागजी प्रभूंनी किल्ला लढवला. 1700 च्या एप्रिलात मोगलांनी सुरुंग पेटवले; त्यातला एक असा उलटला, की तट बाहेर कोसळून त्यांचीच माणसे ढिगाऱ्याखाली गेली. तरी शेवटी किल्ला पडला, त्याचे नाव 'आझमतारा' झाले, आणि पुढे मराठ्यांनी तो परत घेतल्यावर 'अजिंक्यतारा'. एकदा जिंकला गेलेल्या किल्ल्याला हे नाव देणाऱ्यांची हिंमत मला कोणत्याही उपमेपेक्षा मोठी वाटते.

गाव खाली वसले ते शाहू महाराजांच्या अमदानीत. 1708 साली त्यांचा राज्याभिषेक इथेच झाला. आणि गाव खाली नांदले ते पाण्यावर. प्रतापसिंह महाराजांनी महादऱ्याचे तळे बांधवले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कासचे पाणी आले, तेही पंपाविना, डोंगराच्या अंगाअंगाने, केवळ उतारावरून. आज कासच्या पठारावर लोक फुले पाहायला जातात. आमच्या आजीच्या तोंडी मात्र कास म्हणजे फुले कधीच नव्हती. कास म्हणजे नळ!

हे सारे शब्द मला नव्याने तोलावे लागले ते अण्णांपुढे. अण्णा म्हणजे माझे वडील. चौतीस वर्षे टपालखात्यात काढलेला माणूस. अर्धा सातारा त्यांनी पायांनी पाठ केलेला. चार वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. ती परत येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा अण्णा एवढेच म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर येऊन बसले आणि त्यांनी विचारले, "काय रे, आज किल्ला कसा दिसतो?"

मी मराठीचा प्राध्यापक. म्हणालो, "धुक्याची शाल पांघरून बसलाय, अण्णा."

"शाल असू दे. दूरदर्शनचे मनोरे दिसतात का?"

"एक दिसतो, एक नाही."

"मग दहापर्यंत उघडेल," अण्णा म्हणाले. आणि खरोखरच उघडले.

गेल्या आषाढात मी त्यांना रोज थोडे थोडे मेघदूत समजावून सांगत होतो. कैलासाच्या मांडीवर विसावलेली अलका आली. डोंगराखालच्या नगराचे याहून सुंदर वर्णन मला ठाऊक नाही. पण अण्णा गप्प होते. मग यक्ष मेघाला स्वतःचे घर सांगू लागला: कुबेराच्या वाड्याच्या उत्तरेला, इंद्रधनुष्यासारखी कमान, दारात हाताला फुले येतील असा लहानसा मंदार, शेजारी पाचूच्या पायऱ्यांची विहीर. अण्णा ताठ बसले.

"हा पत्ता बरोबर आहे," ते म्हणाले. "कुठलाही टपालवाला चुकायचा नाही."

मी हसलो खरा, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. वर्षभर ज्याला ते घर दिसणार नव्हते, त्यानेच मंदाराची फांदी किती उंचीवर आहे ते ध्यानात ठेवले होते. मला प्रतापसिंह महाराज आठवले. 1839 साली इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवले. 1847 साली तिथेच ते वारले. काशीला गंगा आहे, घाट आहेत. मान वर करून पाहावा असा किल्ला नाही. साताऱ्याहून कोणी भेटायला गेले असेल, तर महाराजांनी काय विचारले असेल? मला वाटते, महादऱ्याचे तळे भरले का, हेच विचारले असेल.

आता सकाळची ती कामगिरी माझ्या मुलीकडे गेली आहे. वय वर्षे आठ. परवा ती दप्तर पाठीला लावता लावता म्हणाली, "आजोबा, आज किल्ल्यानं ओला टॉवेल गुंडाळलाय."

मी कान टवकारले. अण्णांनी मान तिच्याकडे वळवली.

"टॉवेल कुठपर्यंत आलाय?"

ती अंगणात उतरली, टाचा उंचावून नीट पाहून आली. "मनोरे दोन्ही गेले. खालची झाडंपण निम्मी गेली."

"मग छत्री घेऊन जा," अण्णा म्हणाले.