ऊस, ज्वालामुखी आणि भाड्याची पुस्तके

जहाजावर नोकरी करणाऱ्या माणसाने जग पाहिले आहे असे लोकांना वाटते. खरे म्हणजे तो फक्त बंदरे पाहतो. क्रेन, गोदाम, चौकी आणि फोनचे दुकान. देश कोणताही असो. 2009 सालच्या फेब्रुवारीत मात्र मला एका देशाच्या आत थोडे डोकावता आले, त्याची ही हकिकत.

आमचे जहाज साखर भरायला मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात, पॅसिफिक महासागराच्या काठावरच्या पुएर्तो क्वेत्झाल बंदरात लागले होते. पाळीपाळीने सुट्टी मिळत होती. माझी पाळी आली तेव्हा एजंटच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "आमच्या गावी येता का?" तो माया समाजाचा. घरात काक्चिकेल भाषा, बाहेर स्पॅनिश, आणि इंग्रजी माझ्याइतकेच मोडके. त्यामुळे आमचे चांगले जमले.

बंदरापासून एस्कुइंत्ला शहरापर्यंत जिकडे पाहावे तिकडे ऊस. तोडणीचा हंगाम ऐन भरात होता. तिकडे पाचट आधी जाळतात, म्हणून तोडणारी माणसे काजळीने काळीठिक्कर झालेली. ही माणसे कुठली, असे मी विचारले. ती वरून डोंगरातून येतात, लांबलचक शेडमध्ये राहतात आणि हंगाम संपला की परत जातात, असे त्याने सांगितले. त्याच्या पणजोबांच्या काळी कॉफीच्या मळ्याचा दलाल गावात येऊन आगाऊ पैसे देई आणि ते कर्ज जन्मभर फिटत नसे. मला बीडकडची कोयत्याची माणसे आठवली. उचल म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

पुढे मी या देशाबद्दल मिळेल ते वाचले. 1934 साली उबिको नावाच्या हुकूमशहाने ही कर्जाची वेठ बंद केली, पण त्याच साली दुसरा कायदा आणला. ज्याच्याकडे पुरेशी जमीन नाही त्याने वर्षातले 100 ते 150 दिवस मजुरी केलीच पाहिजे, नाही तर शिक्षा. कामाचे दिवस नोंदवलेली वही जवळ बाळगावी लागे. सरकारने गरीब माया माणसाच्या हातात दिलेले पुस्तक ते हे! 1952 साली जाकोबो आर्बेन्झ यांच्या निवडून आलेल्या सरकारने पडीक जमिनी भूमिहीनांना वाटण्याचा कायदा केला. अमेरिकन फळकंपनीच्या जमिनीला हात लागला आणि 1954 साली अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने ते सरकारच उलथवून टाकले. 1960 पासून 1996 पर्यंत यादवी चालली. दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली, आणि ज्यांची ओळख पटली त्यांत शंभरातली 83 माया होती, असे सत्यशोधन आयोगाने 1999 साली नमूद केले. 1992 चे नोबेल शांतता पारितोषिक मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू याच समाजाच्या. लहानपणी त्यांनीही मळ्यावर मजुरी केली.

एस्कुइंत्ला सोडले की चढ लागतो. उजवीकडे आग्वा, डावीकडे धूर सोडणारा फुएगो, दोन ज्वालामुखींच्या मधून रस्ता. (2018 सालच्या जूनमध्ये याच फुएगोने सान मिगेल लोस लोतेस ही वस्ती गाडली. बातमी ऐकली तेव्हा मी दोन दिवस त्या ड्रायव्हरच्या फोनची वाट पाहत होतो. तो सुखरूप होता.) अमेरिकेतल्या शाळांच्या जुन्या बसगाड्या इथे लाल-हिरव्या रंगवून लोकांची वाहतूक करतात. त्यांच्या मागून रडतखडत आम्ही चिमाल्तेनांगोच्या बाजूला पोचलो. सहा हजार फुटांची उंची, हवा थंड. बायकांच्या अंगात हातमागावर विणलेली पोलकी, त्यांना विपिल म्हणतात. विणीवरून बाई कोणत्या गावची ते कळते.

ड्रायव्हरच्या बहिणीची मुलगी सातवीत होती. तिच्या शाळेत त्या दिवशी गडबड होती, कारण नवी पुस्तके आली होती. तिकडे सहावीपर्यंत प्राथमिक आणि सातवी ते नववी पुढची शाळा. गरिबाची पोरे बहुतेक सहावीलाच थांबतात. जी पुढे जातात त्यांच्या शाळेत पुस्तकेच नसत. मास्तर फळ्यावर लिहिणार, पोरे उतरवून घेणार, तास संपला. ज्यांच्या पूर्वजांनी शिंपल्याच्या खुणेने शून्य लिहिले, त्यांच्या नातवंडांना गणिताचे पुस्तक नाही!

ही पुस्तके रोटरी क्लबांनी दिलेली होती. आपल्याकडे रोटरी म्हटले की कोट-टाय आणि हॉटेलातले जेवण डोळ्यांसमोर येते, म्हणून मी जरा नाक मुरडूनच ऐकत होतो. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराचे जेफ बर्निंजर इथे इंग्रजी शिकवायला आले होते. पुस्तकांविना चाललेली शाळा पाहून त्यांनी भाऊ जो यांच्याबरोबर एक संस्था काढली, आणि 1997 पासून रोटरी क्लब तिच्याबरोबर आहेत. एका क्लबने सुरू केलेल्या कामाला पुढे शेकडो क्लब येऊन मिळाले. संगणकवर्ग, शिक्षकांचे प्रशिक्षण, शिष्यवृत्त्या असे काम वाढले, ते आजही चालू आहे.

पण मला बसवून ठेवले ते एका गोष्टीने. पुस्तके फुकट नव्हती. प्रत्येक मूल वर्षाला थोडे भाडे भरते. ते पैसे क्लबकडे परत जात नाहीत, शाळेच्या नावाने साठतात. पाचेक वर्षांनी पुस्तके झिजली की त्याच पैशांतून नवी येतात. म्हणजे पहिला संच बाहेरून आलेला, दुसरा गावाने स्वतःच्या पैशाने घेतलेला. त्या मुलीची आई टॉमेटो विकते. तिने भाडे भरल्याची पावती मला काढून दाखवली, पुस्तक नाही. पावती!

1954 ची भरपाई पुस्तकांनी होत नाही, जमीनही परत येत नाही, हे मला समजते. गोरे पाहुणे फोटो काढून जातात, तेही मला फारसे रुचत नाही. पण फोटो काढून जाणारे पुष्कळ, पुढच्या वर्षी पुन्हा येणारे थोडे. हे इतकी वर्षे येत राहिले.

माझी थोरली ताई सातवीपर्यंत म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकली. आठवीची पुस्तके विकत घ्यायची होती आणि त्या वर्षी घरात एकाच्याच पुस्तकांपुरते पैसे होते. ती माझी आली. ताई मसाल्याच्या कारखान्यात लागली. आमच्या घरात याबद्दल कधी कोणी बोलले नाही.

मे महिन्यात घरी आल्यावर मी तिला ही सगळी हकिकत सांगितली. विपिलचा तुकडा आणला होता, तो तिने उलटसुलट करून पाहिला, मागची वीण तपासली. मग म्हणाली, "वर्ष संपल्यावर पुस्तक परत द्यायचं, तेव्हा पोरीला वाईट वाटत असेल, नाही रे?"

ते विचारायचे माझ्याकडून राहिले होते.