'इज'चा अर्धा गुण

मराठी माध्यमाच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल अक्षरं असली भानगड नाही, त्यामुळे शीर्षकातला कुठला शब्द कॅपिटलने सुरू करायचा यावर मुलं हमखास अडतात. माझं उत्तर ठरलेलं असे: "अक्षरं मोजा. चार किंवा जास्त असली तर कॅपिटल, कमी असली तर स्मॉल. पहिला आणि शेवटचा शब्द मात्र कायम कॅपिटल."

'माय एम इन लाइफ'मधला 'एम' तीनच अक्षरांचा निघाला, तेव्हा मी 'नाम सोडून' अशी पुस्ती जोडली. नियमाला ठिगळ का लावावं लागतंय, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

मग नववीच्या एका मुलीने 'हेल्थ इज वेल्थ' या निबंधाच्या मथळ्यात 'इज'चा आय कॅपिटल काढला. मी लाल गोल करून अर्धा गुण कापला. ती वही घेऊन टेबलापाशी आली. "बाई, क्रियापदाशिवाय वाक्य होत नाही, असं तुम्हीच सांगता. मग ते स्मॉल कसं?"

"दोन अक्षरी आहे. जा, जागेवर बस."

पुढे ग्रंथालयाचं कपाट लावताना फिट्झजेराल्डची 1934 ची कादंबरी हाती आली, 'टेंडर इज द नाइट'. मुखपृष्ठावर सगळंच कॅपिटल, त्यावरून काय कळणार? (मुखपृष्ठ पाहून नाव उतरवा, असंही मी मुलांना सांगत आले होते.) पण मलपृष्ठावरच्या मजकुरात नाव पुन्हा आलं होतं आणि तिथे 'इज'चा आय ताठ उभा होता.

घरी जाऊन जुनी टिपणं काढली. नाम, सर्वनाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण कितीही छोटं असलं तरी कॅपिटल. स्मॉल राहतात ती उपपदं, छोटी उभयान्वयी आणि शब्दयोगी अव्ययं. चार अक्षरांची अट इंग्रजी लेखनाच्या एपीए या शैलीतली, तीही या अव्ययांपुरती. तिथे 'विथ' कॅपिटल होतो, एमएलए या दुसऱ्या शैलीत तो स्मॉलच राहतो. मी शेपटालाच हत्ती समजून बसले होते.

चिन्हांतही तोच घोळ. मराठीत पुस्तक असो की कविता, आपण एकेरी अवतरणात टाकून मोकळे होतो. इंग्रजीत पुस्तकाचं नाव तिरप्या ठशात, हाताने लिहिताना अधोरेखित. कविता किंवा लघुकथा असेल तर अवतरणचिन्हांत. मी मात्र "दोन्ही करा, म्हणजे चुकायला नको" असं सांगत होते आणि मुलं बिचारी अवतरणात घालून खाली पट्टीने रेघही मारत होती.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची वही मागवून अर्धा गुण परत दिला, शेजारी सही केली. आधीच्या तुकड्यांच्या वह्या तोवर रद्दीत गेल्या होत्या.